डाव्या डोळ्याखालचा तीळ

निडी स्टेशन मागं पडलं की नमिताच्या पोटात गोळा यायचा. निडीनंतर थेट रोहा, आणि रोह्याच्या फलाटावर, पाण्याच्या नळाशेजारी, हिरवी छत्री घेऊन हितेश उभा असायचा. पाऊस असो नसो, छत्री उघडलेली. तो बोलायचा नाही, हाक मारायचा नाही, घरापर्यंत मागंही यायचा नाही. नमिता गाडीतून उतरायची, मान खाली घालून त्याच्यासमोरून जायची आणि जिना चढून होईस्तोवर पाठीवर त्याची नजर घेऊन चालायची. आज सत्त्याण्णवावा दिवस होता.

मोजायचं तिनं काही ठरवलं नव्हतं. पण शंभर भरले की काय होतं ते तिला माहीत होतं, म्हणून आकडा डोक्यातून जात नव्हता. शंभराव्या दिवशी मुलगी गाडीतून उतरते, मुलासमोर थांबते आणि विचारते, "तू रोज येतोस?" मग फलाटभर गुलाबी फुलांचा सडा पडतो आणि मालिका संपते. नमितानं तो भाग दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा रडली होती.

ही सगळी त्या जपानी ॲनिमेची करणी. नमिता पेणच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. वय तेवीस, पण हात असा की तान्ह्या पोराची शीर तिला एका टोचण्यात सापडायची. लोक दारातूनच विचारायचे, रोह्याच्या मॅडम आहेत ना आज? सकाळी रोहा ते पेण, संध्याकाळी पेण ते रोहा, आणि त्या पाऊण-पाऊण तासात कानात हेडफोन घालून ती मोबाइलवर ती मालिका बघायची. एका मुलाचं एका मुलीवर प्रेम बसतं, ती नको म्हणते, आणि तो हिरवी छत्री घेऊन शंभर दिवस तिच्या स्टेशनवर उभा राहतो, अशी साधी गोष्ट. एप्रिलमध्ये एके संध्याकाळी समोरच्या बाकावरच्या पोरानं तिच्या मोबाइलकडे बघत विचारलं होतं, "कितवा एपिसोड?"

तो हितेश. गडबचा. पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. बाईक गॅरेजला टाकली होती म्हणून चार दिवस ट्रेननं कासूपर्यंत जात होता. पेण ते कासू पंधरा मिनिटं, चार दिवसांचा मिळून एक तास. त्या एका तासात दोघं हसली, कुठला भाग भारी आणि कुठला भंगार यावर भांडली, एकमेकांचे नंबरही घेतले. "आमचा गणपतीचा पाट तुमच्याच कारखान्यात असतो," असंही नमितानं सांगितलं, आणि "तो फलाटावरचा सीन मला सगळ्यात आवडतो," असंही. चौथ्या दिवशी तो कासूला उतरलाच नाही. निडीपर्यंत आला आणि त्यानं विचारलं. नमिता नाही म्हणाली. हसून नव्हे, लाजून नव्हे, सरळ. मग त्याचा नंबरही ब्लॉक केला. जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ती रोह्याला उतरली तर नळाजवळ हिरवी छत्री.

पहिल्या दिवशी, खोटं कशाला बोला, तिला जरासं बरंसुद्धा वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी हसू आलं. आठवड्यानंतर तिनं फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उतरून बघितलं, तर छत्री दुसऱ्या टोकाला. महिन्यानं तिनं उशिराची गाडी धरली, तर तो उशिरापर्यंत उभा. एकदा थांबून तिनं दबक्या आवाजात "जा ना रे, नको उभा राहूस" म्हटलं, तर तो असा काही हसला की ती वळून जिना धावतच चढली. तक्रार तरी काय करायची? साहेब, एक मुलगा छत्री घेऊन उभा असतो? फलाट काय तिच्या वडलांचा होता?

चित्रातल्या मुलाचं एक बरं असतं. शंभर दिवस उभा राहिला तरी त्याला डास चावत नाहीत, मालक शिव्या घालत नाही आणि कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. रोह्याला मात्र बघतात. सत्त्याण्णवाव्या दिवशी नमिता उतरली तर जिन्याशी तिचा धाकटा भाऊ साईराज उभा. आईनं गणपतीच्या सामानाची यादी देऊन त्याला बाजारात धाडलं होतं, आणि पिशव्या उचलायला ताई बरी म्हणून तो स्टेशनवर आला होता.

"कोण गो ताई तो येडा?" त्यानं नळाकडे हनुवटी उडवली. "पाऊस नाय, पाणी नाय, छत्री उघडून उभा हाय."

"मला काय माहीत?" नमिता म्हणाली. तिनं त्याच्या हातातली पिशवी हिसकून घेतली आणि जिना चढायला लागली.

खरी भीती हितेशची नव्हतीच. भीती घरची होती, आणि तिला कारण होतं. काकांची प्रतिक्षा दोन वर्षांपूर्वी पेणच्या कॉलेजला जायची. तिच्या मागं एक पोरगा घरापर्यंत आला, दारात उभा राहून गेला, बस, एवढंच झालं. प्रतिक्षाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पण धोंडुआत्यांनी, म्हणजे नमिताच्या वडलांच्या आत्यांनी, पहिला प्रश्न टाकला, "तू बोलली असशील म्हणूनच आला ना गो तो?" कॉलेज बंद झालं आणि माघात लग्न लागलं. वर्गात पहिली येणारी पोरगी आता माणगावहून रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवते. आणि नमिता तर खरोखरच बोलली होती. चार दिवस, हसून. हे घरात कळलं की नोकरी गेली म्हणून समजा. ट्रेन, लॅब, रोह्याच्या मॅडम, सगळं एका संध्याकाळात बंद होणार, याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती.

शंभरावा दिवस नेमका हरतालिकेचा आला. लॅबमधून तिनं विसर्जनापर्यंत सुट्टी घेतली होती. नमितानं मनात म्हटलं, आज मी स्टेशनवर जाणारच नाही, राहू दे त्याला उभं. सकाळी आईबरोबर तिनं वाळूची पूजा केली, कडक उपास धरला. धोंडुआत्या पाटावर बसून म्हणाल्या, "नमे, चांगला नवरा मागून घे गो. मनापासून मागितलं की मिळतो." नमिताला म्हणावंसं वाटलं, मागितला होता आत्या, त्या चित्रातल्या पोराचा फोटो स्टेटसला टाकून मागितला होता, असा कुणीतरी पाहिजे म्हणून. तिनं मुकाट पत्री वाहिली.

तेवढ्यात वडील चपला घालत म्हणाले, "नमू, चल पेणला. मूर्ती धरायला माणूस पाहिजे. टेम्पोत साईराज पुढं बसेल, पाठीमागं मी आणि तू."

आषाढातच तिनं एकदा विचारून बघितलं होतं, यंदा रोह्यातूनच आणू या का गणपती? तेव्हा दत्तात्रेयनं, तिच्या वडलांनी, तिच्याकडे असं बघितलं होतं की जणू तिनं आडनाव बदलायला सांगितलंय. घरचा पाट पणजोबांपासून प्रविणशेठच्या कारखान्यात जात आला होता. श्रावण लागायच्या आत पाट तिकडं पोचवायचा, पाटाखाली खडूनं नाव-गाव लिहायचं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेली मूर्ती घेऊन यायचं. पाट एकदा गेला की त्यात बदल नाही. आणि त्या पाटाखाली, हितेशनं पाट उचलला की वाचावी अशी, तिच्याच हातची अक्षरं होती, कारण घरात अक्षर तिचं चांगलं.

टेम्पो पेणमध्ये शिरला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना फळ्यांवर मूर्तींच्या रांगा, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, रंगाचा वास आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आपलं आपलं आडनाव. नमितानं आधी नजर फिरवून घेतली. कोपऱ्यात खिळ्याला हिरवी छत्री अडकवलेली होती. ती मिटलेली तिनं पहिल्यांदा बघितली. छत्रीखाली चौरंगावर हितेश बसला होता, हातात बारीक ब्रश. तो तिच्याकडेच बघत होता. ती येणार हे त्याला आधीपासून माहीत असावं.

"या या, दत्तोबा," प्रविणशेठनं हात जोडले. सत्तरीचा माणूस, चष्म्याच्या काचा जाड. "यंदा तुमच्या मूर्तीचे डोळे बघा. पोरानं दोन दिवस घेतले. एवढ्या गर्दीत दोन दिवस! मी म्हटलं, अरे, चाळीस पाट रांगेत हायत, पण ऐकतो काय?" आणि त्यानं मूर्तीवरचा प्लास्टिकचा कागद उचलला.

दत्तात्रेयनं कानाला हात लावून नमस्कार केला. साईराजनं मोबाइल काढला. आणि नमिता एक पाऊल मागं सरली.

ते गणपतीचे डोळे नव्हते. खालची पापणी जराशी वर उचललेली, बाहेरचा कोपरा किंचित उतरता, बुबुळांत चित्रातल्यासारखे दोन-दोन पांढरे ठिपके. आरशात रोज दिसणारे डोळे होते ते. तेवढ्यावर निभावलं असतं, पण डाव्या डोळ्याखाली, सोंड जिथं सुरू होते त्याच्या बाजूला, मोहरीएवढा एक काळा ठिपका होता. नमिताचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गालाकडे गेला. तिथं तिचा तीळ होता.

"काय तेज हाय हो!" दत्तात्रेय म्हणाला. तो खरंच खूश झाला होता. "बघत राहावं असं. आणि काय सांगू, कुठंतरी बघितल्यासारखे वाटतात."

नमितानं ओढणी गालावर ओढली.

"बाबा, ह्यो ठिपका कसला?" साईराज पुढं वाकला. "रंग उडालाय काय?"

"हात नको लावू," प्रविणशेठ म्हणाला आणि चष्मा पुसत स्वतः वाकला. "खरंच की. हे कसलं?"

हितेश उठला. रांगेमधल्या त्या अरुंद वाटेनं, एकाही मूर्तीला धक्का न लावता, तो नमिताच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. शंभर दिवसांत इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला होता. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "शंभर झाले."

आता तो प्रश्नाची वाट बघत होता. तू रोज येतोस?

नमितापुढं दोनच रस्ते होते. गप्प राहायचं, ठिपका रंगाचा डाग म्हणून सोडून द्यायचा आणि मूर्ती घरी न्यायची. उद्या सकाळी पूजा झाली की तो देव, मग पाच दिवस कुणी बोट लावू शकत नाही. आणि समोर सकाळपासून रात्रीपर्यंत धोंडुआत्या बसणार. ज्या बाईला शेजारणीच्या साडीचा उसवलेला काठ अंगणातून दिसतो, तिला देवाच्या गालावरचा तीळ किती वेळात दिसेल? दुसरा रस्ता म्हणजे इथंच तोंड उघडायचं, बापासमोर, भावासमोर, सगळ्या पेणसमोर. दोन्हीकडून नोकरी जाणारच होती. फरक एवढाच, की पहिल्या रस्त्यानं गेली तर गोष्ट धोंडुआत्या सांगणार होत्या.

आणि तिला राग आला. शंभर दिवस नुसती भीती होती, तिच्यात राग कधी मिसळला नव्हता. आता आला तो एवढा, की उपासानं रिकाम्या झालेल्या पोटातून थेट गळ्यापर्यंत चढला.

"मी तुला एप्रिलमध्येच नाय म्हटलेलं," ती मोठ्यानं म्हणाली. "म्हटलेलं का नाय?"

आसपासच्या माना वळल्या. हितेशच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. "ती पण तिसऱ्या एपिसोडमध्ये नाय म्हणते," तो म्हणाला.

"कोण ती?" दत्तात्रेयनं विचारलं.

"चित्रातली," नमिता म्हणाली. "बाबा, मोबाइलवरची, चित्रातली पोरगी. तिच्या मागं एकजण शंभर दिवस उभा राहतो. ते बघून ह्यो माझ्या मागं उभा राहिलाय, रोज, रोह्याच्या फलाटावर. मी नाय म्हटल्यावर. आणि ह्यो ठिपका रंगाचा नाय. तीळ हाय. माझा." तिनं ओढणी खाली घेतली.

दत्तात्रेयनं मूर्तीकडे बघितलं, मग पोरीकडे. मग त्याला कळलं, ते डोळे त्यानं कुठं बघितले होते.

"छत्रीवाला!" साईराज ओरडला आणि त्यानं झेप घेतली. हितेशची कॉलर त्याच्या मुठीत आली, दोघं फळीवर आदळले, आणि अख्खी रांग हलली. वीस मूर्ती एकदम थरथरल्या. कडेची एक पाटासकट फळीच्या टोकाला सरकली. प्रविणशेठ दोन्ही हात पसरून रांगेपुढं आडवा झाला. एक धक्का आणखी, की कुणाच्या तरी घरचा गणपती जमिनीवर.

"साईराज," दत्तात्रेय म्हणाला. ओरडला नाही. "सोड त्याला. इथं नाय."

साईराजनं मूठ सोडली. प्रविणशेठनं कडेची मूर्ती इंच-इंच करून आत घेतली आणि मग भिंतीला टेकला.

दत्तात्रेय नमितासमोर येऊन उभा राहिला. "खरं सांग. बोललेलीस तू ह्याच्याशी?"

आला. ज्या प्रश्नाला ती तीन महिने घाबरली होती तो शेवटी आला, आणि धोंडुआत्यांच्या तोंडून नव्हे, बापाच्या तोंडून आला.

"व्हय," ती म्हणाली. "चार दिवस. गाडीत, त्या मालिकेबद्दल. हसून बोलले. मग त्यानं विचारलं, मी नाय म्हटलं. ते चार दिवस माझे हायत बाबा. पुढचे शंभर त्याचे."

"मी कधी हात तरी लावला काय तिला?" हितेशचा आवाज चिरका झाला. "एक शब्द बोललो काय? मी कायच वाईट केलं नाय. तिलाच तो सीन आवडायचा, तिनंच सांगितलेलं मला. पाऊस नाय बघितला, ताप नाय बघितला, रोज गेलो. कुणी करंल काय एवढं?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि हेच अवघड होतं. त्यानं खरोखर ताप अंगावर काढून तिथं उभं राहून दाखवलं होतं. नमिताला क्षणभर त्याची दया आली.

"तिला घरी जायचं नसतं रे," ती म्हणाली. "ती चित्रातली हाय. तिला भाऊ नाय, आत्या नाय, नोकरी नाय. एपिसोड संपला की ती कुठंच जात नाय. मला रोज जायचं असायचं. तुझ्यासमोरून."

हितेशची मान खाली गेली.

"आजी आजारी हाय सांगून जायचास ना रे रोज?" प्रविणशेठला आता कंठ फुटला. "मी तुझ्या आजीसाठी इथं नारळ ठेवला, गाढवा! देवाच्या तोंडावर कुणाला बसवलंस? दत्तोबा, ह्या कारखान्यातून असं काम कधी गेलं नाय, आजबी जाणार नाय. अजून ती मूर्तीच हाय, देव उद्या व्हायचाय. ए, घे ब्रश. पूस तो तीळ. डोळे परत काढ."

हितेशनं ब्रश घेतला. ज्या हातानं दिवसाला चाळीस जोड्या डोळे निघायचे, तो हात मूर्तीपर्यंत गेला आणि लटपटायला लागला. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तरी ब्रश घसरला आणि मूर्तीच्या गालावर एक तपकिरी ओरखडा उठला. "जमत नाय," तो म्हणाला आणि ब्रश पाटावर ठेवून बाजूला झाला.

प्रविणशेठनं चष्मा काढला. "माझ्या डोळ्यांत पडदा आलाय. बाकीची पोरं रंगावरची, आखणीवर ह्यो एकटाच. आता?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. नमितानं ओढणी कमरेला खोचली. "हात कुठं धुवू?" तिनं विचारलं.

"तू?"

"मी रोज तान्ह्या पोरांच्या शिरा शोधते," ती म्हणाली. "त्यांचे हात हलतात. हा तर हलत पण नाय."

प्रविणशेठनं मोरीकडे बोट दाखवलं. लॅबमध्ये धुवायची तसे तिनं कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि चौरंग ओढून मूर्तीसमोर बसली. प्रविणशेठनं अंगाचा रंग वाटीत कालवून दिला. आधी ओरखडा गेला. मग तीळ. स्वतःच्या गालावरचा तीळ स्वतःच्या हातानं झाकताना तिच्या मनात काही येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. मग तिनं ते पांढरे ठिपके बुजवले.

"खालची रेघ सरळ ने," प्रविणशेठ तिच्या खांद्यामागून हळू सांगत होता. "श्वास धरू नको पोरी, सोडत सोडत ओढ." ते तिला सांगायला नको होतं. सुईसुद्धा तशीच जाते. डावा हात तिनं मूर्तीच्या कपाळाशी असा टेकवला, जसा ती रडणाऱ्या पोराच्या कोपराखाली टेकवायची, आणि उजव्या हातानं एका दमात रेघ ओढली. मग दुसरी.

दत्तात्रेय हाताची घडी घालून बघत होता. पोरगी दोन वर्षं कामाला जात होती. तिच्या पगाराचा मोबाइल त्याच्या खिशात होता. पण ती काम करते म्हणजे नेमकं काय करते, हे तो आज पहिल्यांदा बघत होता.

नवे डोळे आधीच्याइतके सुंदर झाले नाहीत. नमिता काही आखणीवाली नव्हती. उजवा जरा बारीक वाटत होता. प्रविणशेठनं मूर्ती उजेडाकडे फिरवली, डोळे किलकिले करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "चालतील. हे कुणाचे नाहीत."

सगळे मूर्तीकडे वळले असताना हितेश मागच्या दारानं निघून गेला होता. छत्री खिळ्यालाच राहिली.

परतीच्या वाटेवर साईराज ड्रायव्हरशेजारी बसला, आणि पाठीमागं ताडपत्रीखाली दत्तात्रेय आणि नमिता, मध्ये पाट, पाटावर तोंडावर रुमाल टाकलेली मूर्ती. दोघांनी दोन बाजूंनी पाट धरला होता. गडब आलं, गडब गेलं. रस्त्याच्या खड्ड्यांत टेम्पो आदळला की दोघांचे हात एकदमच घट्ट व्हायचे. नमिता वाट बघत होती, कधी एकदा वडलांच्या तोंडून तो शब्द येतो आणि सुटते. नोकरी सोड. सोमवारपासून जाऊ नकोस. तिनं उत्तर तयार करून ठेवलं होतं, पण ते तिचं तिलाच दुबळं वाटत होतं.

नागोठणं मागं पडल्यावर तो बोलला. "साईराज येईल."

"कुठं?"

"स्टेशनवर. रोज संध्याकाळी, तुझ्या गाडीच्या वेळेला. उभा राहील फलाटावर. तुला घेऊन येईल. भिऊ नको तू."

नमिताला विश्वासच बसेना. तो सोड म्हणाला नव्हता. प्रतिक्षाच्या बापानं जे केलं ते तिच्या बापानं केलं नव्हतं. तिनं पटकन हो म्हणायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. हो अगदी ओठावर आलं. आणि तिला नळाशेजारी साईराज दिसला, आज, उद्या, शंभर दिवस, दोनशे दिवस, मोबाइलमध्ये वेळ बघत उभा.

"नको, बाबा," ती म्हणाली.

"नको म्हंजे?"

"एकजण उभा राहायचा, तो गेला. आता त्याच जागी दुसरा नको. साईराज चांगला हाय, पण मी उतरले की कुणीतरी उभं असणारच. मला नुसतं उतरायचंय. उतरून घरी यायचंय."

दत्तात्रेयनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. रागाची की कसली, तिला सांगता आलं नसतं. पुढं निडीचं फाटक आलं, गाडी जायची म्हणून ते बंद होतं, आणि टेम्पो थांबून राहिला.

"बघू," दत्तात्रेय शेवटी म्हणाला.

या घरात बघू हा शब्द नमितानं पुष्कळदा ऐकला होता. प्रतिक्षाच्या कॉलेजचं पुढं काय, असं विचारलं तेव्हाही सगळे बघूच म्हणाले होते.

गणपती बसला. धोंडुआत्या सकाळपासून समोर बसल्या, बराच वेळ निरखून म्हणाल्या, "उजवा डोळा जरा बारीक झालाय गो यंदा," आणि आरतीत टाळ्या वाजवायला लागल्या. पाच दिवसांत दत्तात्रेय नोकरीबद्दल एक शब्द बोलला नाही. साईराजही नाही, त्याला बहुतेक ताकीद होती. गौरीबरोबर विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे नमितानं डबा भरला, कुणी अडवतं का म्हणून दारात चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावला, आणि गेली. दत्तात्रेय रात्रपाळी करून तेव्हा नुकताच घरी आला होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा चहात बिस्किट बुडवलं.

दिवसभर तिनं एकवीस जणांचं रक्त घेतलं. संध्याकाळच्या गाडीत मोबाइल पर्समध्येच ठेवला. कासू गेलं, नागोठणं गेलं. निडी मागं पडलं आणि पोटात गोळा आला, सवयीनं, वेळेवर.

रोह्याला ती उतरली. आधी नळाकडे बघितलं. तिथं एक म्हातारा बाटली भरत होता, ती भरून तो चालता झाला. छत्री नव्हती. मग तिनं धीर करून जिन्याकडे बघितलं, कारण साईराज असला तर तिथंच असणार होता. जिन्यावर उतारूंची गर्दी होती. ती थांबली. गर्दी वर चढून गेली, जिना रिकामा झाला. चहाच्या टपरीशी बघितलं, बाकांवर बघितलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. वडलांचा मेसेज होता, "येताना कढीपत्ता आण."

त्या मालिकेच्या शेवटी फलाटावर कुणीतरी उभं असतं, म्हणून ती दोनदा रडली होती. आज फलाटावर कुणीच उभं नव्हतं. नमिता नळाशी गेली. इतक्या दिवसांत या नळाचं पाणी तिनं तोंडाला लावलं नव्हतं. तिनं पर्स खांद्यावर मागं सारली, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायली.